दोनच लॉलीपॉप

कोलेस्टेरॉल वाढल्यापासून काकांना दोनच चिकन लॉलीपॉपची परवानगी होती. काकूंचा काकांच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. त्या सरळ प्लेटमधली हाडं मोजायच्या. त्या दिवशी होणाऱ्या जावयाला पहिल्यांदा भेटायचं म्हणून दोघं चायनीजमध्ये आले होते. मुलगा वेळेवर येऊन बसला होता; लेक ऑफिसातून निघाली होती, पण अजून पोचायची होती.

लॉलीपॉपची डबल प्लेट टेबलावर आली आणि नेमका काकूंना बहिणीचा फोन आला. दाराशी उभं राहून "पोरगा दिसायला बरा आहे गं" इथपासून जी सुरुवात झाली, ती अर्ध्या तासाने संपली. परत येऊन बघतात तो डिश साफ.

त्यांनी आधी काकांची प्लेट तपासली. हाडं दोनच.

"आज कसे शहाण्यासारखे वागलात!"

मग मुलाच्या प्लेटकडे नजर गेली. तिथे दहा हाडांचा ढीग.

"अगंबाई! खाणारा जावई हवा तर असा! लाजू नकोस रे, अजून मागवू का?"

"नको काकू," मुलगा खाली मान घालून म्हणाला, "पोट भरलं."

काकांनी मिशीला लागलेली शेजवान चटणी पुसली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "मला तर बुवा मुलगा पसंत आहे. एकदम विश्वासाचा!"

तेवढ्यात वेटर धावत मुलापाशी आला.


"सॉरी दादा, तुम्ही शुद्ध शाकाहारी, म्हणून तुमचं व्हेज मंचुरियन वेगळ्या कढईत करायला लावलं. त्यातच उशीर झाला."