परतलेली हाक

शाल-नारळ झाल्यावर विद्यार्थ्यांनी खानविलकर सरांसमोर रेडिओ रिसीव्हर आणून ठेवला. निवृत्त होणाऱ्याचं एखादं जुनं प्रसारण अंतराळातून परत पकडून त्याला ऐकवायची आता पद्धतच पडली होती.

"सर, तुमचा महापुरातला संदेश सापडला," रुजुता म्हणाली. "दूरच्या धूलिमेघावर आपटून चाळीस वर्षांनी आलाय."

रेडिओचा इतिहास शिकवताना सर दरवर्षी मार्कोनी उरकून त्या पुराकडे वळत. टेलिफोन बंद पडलेले आणि हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या घरगुती रेडिओ-केंद्रावर, एकटे सर, लोकांच्या हाका पुढे पोचवताहेत.

"राहू दे गं, चहा गार होतोय."

"सर लाजले!" मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

खरखरीतून एक क्षीण आवाज आला. "माळवाडीहून बोलतोय. शाळेच्या छपरावर बत्तीस माणसं आहेत. होडी पाठवा. ओव्हर."

त्यावर सरांचा तरुण, खणखणीत आवाज. "फ्रीक्वेन्सी मोकळी करा. इथं हॅमची स्पर्धा चालू आहे. ओव्हर."

"माफ करा, साहेब. दुसरीकडे बघतो."

त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र सरांच्या मागच्या भिंतीवरच होतं. दुसरा क्रमांक, पुराच्याच तारखेसकट.

"त्या माणसांचं पुढे काय झालं, सर?" रुजुताने हळूच विचारलं.

"ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही."

सरांनी खांद्यावरची शाल काढून घडी करून ठेवली. मग नुकतंच मिळालेलं मानपत्र उलटं केलं आणि खिशातून पेन काढलं.

"परत लाव," ते म्हणाले. "संदेश लिहून घेतो."