एकच मासा

"देवाशपथ सांगतो, तरी तुमचा विश्वास बसायचा नाही," म्हणत आप्पांनी तळ्याच्या पायरीवर बैठक मारली. चार मासेमार कान टवकारून जवळ सरकले. तळ्यातली मासळी संपल्यापासून त्यांना दुसरा उद्योगही नव्हता.

"टाकीची काच चाटणारा काळा मासा हो, बोटभर! वाढला, घरातल्या टाकीत मावेना. मला आली दया, दिला तळ्यात सोडून. एकच! पण पठ्ठ्याने आधी तळाचं शेवाळ फस्त केलं, मग तुमच्या माशांची अंडी गिळली. अंगाला काटे असे, की जाळ्याच्याच चिंध्या. परवा त्याने नुसती कूस बदलली, तर पाणी पार वरच्या पायरीवर आलं!"

"आणि मिशा?" एकाने डिवचलं.

"वल्ह्याएवढ्या!"

सगळे खो खो हसले. आप्पांना रंग चढला, पण आपल्या मुलाकडे बघायचं त्यांनी टाळलं. त्याने सकाळीच होडी विकली होती. उद्या तो दूरच्या कारखान्यात कामाला जाणार होता.

मुलगा खाली बसून शेवटचं जाळं सोडवत होता. फाटक्या जाळ्यात तसलेच काळे, खरखरीत मासे अडकले होते, कोणी तोंडात न घालणारे. हातभर लांब दोन-तीन, बाकी सगळी बोटाएवढी पिल्लं.

"पाणी पायरीवर आलं, मिशा वल्ह्याएवढ्या, सगळं मानलं, आप्पा," तो मान वर न करता म्हणाला. "पण एकट्या माशाला पिल्लं होत नाहीत."