खाली बसवलेली गाडी

सत्तरीच्या एलिसेओने जुना पिकअप तरण्या पोरांसारखा पार जमिनीलगत खाली बसवला, तेव्हा एस्पान्योला गावातले दोस्त हसले, "म्हातारपणी मिसरूड फुटलं काय रे?"

त्यातच चाकं तिरकी झाली, गाडी सारखी डावीकडे ओढू लागली. एलिसेओ गाडीखाली पाठीवर पडून चाकांच्या अलाइनमेंटशी झटत राहिला, पण स्प्रिंगा काही पुन्हा उंच केल्या नाहीत.

रविवारी गाडी सरळ धावली. त्याने ती दाराशी लावली. गुडघे गेल्यापासून ओफेलियाला, त्याच्या बायकोला, दोघांनी उचलून उंच गाडीत बसवावं लागे; त्या लाजेने तिने फिरणंच सोडलं होतं. आज ती आपली आपण बसली आणि सरकत त्याला खेटली.

"चौकातून ने," ती म्हणाली, "आणि हळू चालव. बघू दे सगळ्यांना!"