सेन्योरांच्या जबड्यातली टकटक

"दात माझा, जबडा माझा, आणि कुजबुज तुम्हा दोघांची!" खुर्चीतल्या सेन्योरा एर्मेलिंदा कुरकुरल्या.

डॉक्टरांच्या मदतीला असलेल्या मी त्यांच्या हिरडीतला पू टिपला. एक्स-रेत इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम दाताच्या, स्क्रूभोवतीचं हाड वर्षभरात निम्मं झिजलेलं दिसत होतं. डॉक्टर अन्सेल्मोंनी आरशाच्या दांडीनं त्या दातावर दोनदा ठोकलं.

क्षणभर थांबून जबड्याच्या आतून दोनदा वाजलं.

त्यांनी तीनदा ठोकलं. आतून तीनदा वाजलं.

"हिरडी सुजलीय, नीट घासत जा," डॉक्टर म्हणाले. मीही कार्डावर तेवढंच लिहिलं. आमच्या अल्गोदोनेस गावात एकेका गल्लीत दहा दंतवैद्य, पण ह्यांना कुणाकडे पाठवायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना.

सेन्योरांनी ओठ पुसले.

"घरी ते आधी ठोकतं, डॉक्टर. हाड संपलं की बाहेर येणार ना ते?"