दुसऱ्या खेपेची गाडी

"मला एवढं एकच सांगा," ती म्हणाली, "या गाड्या खऱ्याबरहुकूम आहेत की नाहीत? असल्या तर ठेवणार. नसल्या तर सगळं कपाट तुम्ही घेऊन जा."

भिंगवाल्यांनी मान डोलावली. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोशिवाय कुणी घेत नसे. रणगाडे, तोफा, चिलखती गाड्या यांची प्लास्टिकची किटं जोडून कपाटात मांडणारी माणसं जिथे जिथे होती, तिथे ते याच नावाने ओळखले जात. खरं तर ती माणसं असेपर्यंत त्यांना कुणी बोलावत नसे. बोलावणं यायचं ते माणूस गेल्यावर. बायकोला ती अडगळ वाटे, मुलांना घबाड वाटे, आणि भिंगवाले दोघांचाही भ्रमनिरास करून घरी परतत.

सुरुवातीला अशा घरांत त्यांचा जीव गलबलायचा. आता काही होत नसे. रोज मरे त्याला कोण रडे!

"कधी गेले?" कपाट उघडता उघडता त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"सहा वर्षं होतील."

"वाईट झालं."

खिडकीशी तिची सासू मटार सोलत बसली होती. नजर खाली रस्त्यावर आणि बोटं आपली चाललेली. वाऱ्याने घराचं दार हलत होतं.

"कडी घालू का?" भिंगवाल्यांनी विचारलं. "धूळ बसते यांच्यावर."

"नको," सासू मान न वळवता म्हणाली. "नुसतं लोटा."

वरच्या कप्प्यात सगळी सरमिसळ होती. एका तोफेवर गोंदाचे धागे लोंबत होते. एका रणगाड्याची दोन चाकं जमिनीला टेकतच नव्हती. रंग तर असा थापलेला, की भिंतीला द्यायचा उरला होता म्हणून इथे दिला असावा. भिंगवाल्यांनी मनातल्या मनात शेरा मारला: हौस दांडगी, हात कच्चा.

खालच्या कप्प्यात मात्र एकच चिलखती गाडी पुन्हा पुन्हा केलेली होती. ओळीने उभ्या होत्या. त्यांनी पहिली उचलली, मग शेवटची उचलली, आणि भिंग पुसून परत पाहिलं.

"हात बसत गेला बरं का यांचा," ते म्हणाले. "सांधा शोधून सापडत नाही. पण एकच गाडी इतक्यांदा कशाला?"

"जमेपर्यंत."

"जमली. कुणालाही विचारा, जमली."

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कौतुक दुसऱ्याच कुणाचं तरी चालल्यासारखी ती उभी होती.

भिंगवाल्यांनी गाडी पालथी केली. वरून सगळेच नटवतात, खोट कळते ती पोटाखाली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पोटाखाली एक चौकोनी झाकण बारीक पात्याने कापून मोकळं केलेलं होतं, केसासारख्या तारेची बिजागरी लावलेली. नखाने ढकललं की उघडायचं. त्यांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांना तेच. त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"इथे घोळ झालाय, ताई."

"कसला?"

"या गाडीच्या दोन खेपा निघाल्या. पहिल्या खेपेला हे झाकण होतं. आग लागली तर आतल्यांनी इथून निसटायचं. दुसऱ्या खेपेला सुरुंगाच्या भीतीने खालून जाड पत्रा जोडला. झाकण कायमचं बंद. किटवाले महा कंजूष, त्यांनी पोटाला जुनाच साचा वापरला. म्हणून ही रेघ राहिली. रेघ दिसते, माणसाला वाटतं झाकण आहे. भलेभले फसतात."

"ही दुसऱ्याच खेपेची कशावरून?"

"धुराडं डावीकडे आहे. पहिल्या खेपेत ते उजवीकडे असायचं."

"फोटोत डावीकडेच आहे," ती हळूच म्हणाली.

कुठल्या फोटोत, हे त्यांनी विचारलं नाही. जाणकाराला जाणकार भेटला की तो खुशीत येतो, तसे ते खुशीत आले होते.

"आतून जोर लावला तर?" तिने विचारलं.

"हत्ती लावा हवा तर! वितळवून जोडलेलं आहे ते."

"नक्की?"

"चुकलो तर हे भिंग रस्त्यात फेकून देईन. तुमच्या मिस्टरांनी ते कापायला नको होतं. काम सुरेख, पण खोटं."

"मी कापलं," ती म्हणाली. "वरचा कप्पा त्यांचा. फौजेत जायच्या आधीचा. खालचा सगळा माझा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भिंगवाल्यांना हातातली गाडी जड वाटली आणि ती कुठे ठेवावी ते कळेना. तिनेच ती घेतली, चाकांवर सरळ उभी केली आणि कपाटाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. मग ती खिडकीपाशी गेली.

"आई, ते खालचं झाकण उघडत नाही म्हणतात. त्या गाडीला ते नव्हतंच."

मटार सोलणारी बोटं थांबली.

"असं कसं? गाडी पेटली तेव्हा हा खालून निसटला, कुठेतरी असेल, वाट बघा, असं ते वर्दीतले साहेब आपल्याला इथेच बसून सांगून गेले ना?"

"हो."

म्हातारीने रस्त्यावरची नजर काढली. मग तिने सुनेचा हात धरला आणि विचारलं, "त्याला तरी माहीत होतं का गं, ते उघडत नाही म्हणून?"