दुरुस्त केलेला शेवट

“आणि आता मंचावर येताहेत मिनलच्या गोष्टीतल्या खऱ्याखुऱ्या बाई!” विश्वनाथकाका माईकमध्ये जवळजवळ गायलेच. पुस्तकाच्या कार्यक्रमासाठी भरलेल्या धरमपेठेतल्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आठवीतली मिनल पुस्तक हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या शाळेतल्या शामलाबाई पायऱ्या चढून वर येत होत्या. नवी साडी, डोळ्यांत पाणी. काकांनी भिवापूरला गाडी पाठवून त्यांना गुपचूप आणलं होतं. मिनलला कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलं होतं : मुलांनी, मुलांच्या भाषेत. आत बारा मुलांच्या बारा गोष्टी होत्या आणि बाराही गोष्टींवरून संपादक विश्वनाथकाकांचा हात फिरला होता. मुलांच्या मनात काय असतं, हे मुलांपेक्षा काकांनाच जास्त कळायचं. चाळीस वर्षं त्यांचा तोच धंदा होता.

मिनलनं लिहिलं ते घडलेलं होतं. पाचवीत शिष्यवृत्तीच्या पेपराच्या दिवशी ती सकाळी आईबरोबर मिरचीचे देठ खुडून शाळेत गेली. वर्गात दोन पोरींना शिंका आल्या. बाईंनी तिला नळावर पिटाळलं. वास जाईपर्यंत आत यायचं नाही म्हणाल्या. मिरची अशी पाण्यानं जात नाही. मिरचीच्याच गावात, भिवापुरात, जन्म काढलेल्या बाईंना हे ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणायचं? मिनल हात धूत राहिली आणि पेपर संपला. गोष्टीच्या शेवटी तिनं एकच ओळ लिहिली होती : मी बाईले कधीच माफ नाही करणार.

पुस्तक आलं तेव्हा त्या ओळीच्या जागी अख्खा परिच्छेद होता. त्यात मुलगी बाईंच्या पाया पडत होती आणि तुमच्या कडक शिस्तीमुळेच मी घडले, असं म्हणत होती. मिनलनं फोन केला. काका हसले. “बेटा, बालसाहित्यात असा राग शोभत नाही. मुलं मनात काही ठेवत नाहीत.”

त्या दिवशी ती संतापानं जेवली नाही. आज ती आली होती ती केवळ माईक हातात मिळणार होता म्हणून. आपली ओळ ती भर सभेत वाचणार होती.

“वाचून लय रडली वं मी पोरी,” शामलाबाई तिच्याजवळ येऊन म्हणाल्या. “तीन वर्षं मनात खुपून राहिलं होतं. तू माफ केलं, आता मले झोप लागते.”

मिनलच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी माफी मागायच्या आधीच काकांनी ती देऊन टाकली होती, आणि तीही तिच्या नावानं. आता बाई कशाला मागतील?

फोटोवाले पुढे सरसावले. बाईंनी आशीर्वादासाठी हात उचलून धरला. काका मागून कुजबुजले, “वाक ना बेटा. पाया पड.”

मिनल वाकली नाही. ती काकांकडे वळली, त्यांच्या हातातला माईक घेऊन तोंडाशी धरला आणि शेवटच्या रांगेतल्या तिच्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पाया पडाचं तुम्ही लिहिलं ना काका? मंग तुम्हीच पडा.”