सोनिकाचा अनुवाद

अमेरिकेतल्या एका शहरातल्या गोऱ्यांचा शंभर वर्षांपूर्वीचा करारनामा सोनिकाने आपल्या कॉलेजातल्या सरांच्या वर्णभेदावरच्या पुस्तकासाठी मराठीत आणला होता: ‘परिसराची संस्कृती टिकावी म्हणून काळ्यांना घर विकले वा भाड्याने दिले जाणार नाही.’ ‘किती अमानुष!’ म्हणत सरांनी ते वाक्य पुस्तकाच्या पहिल्याच पानावर घेतलं होतं. म्हणूनच प्रताप नगरात सरांच्याच इमारतीत फ्लॅट रिकामा झाल्याचं कळताच ती बाबांना घेऊन बिनधास्त गेली. बाबांनी दारातच हात जोडले, “जयभीम, सर.” सर सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी नियमावली पुढे सरकवली. “चष्मा घरीच राह्यला. काय लिवलं हाये वं पोरी?” सोनिका वाचू लागली, ‘परिसराची संस्कृती टिकावी म्हणून मांसाहारींना घर विकले वा…’ पुढचं तिला पाठच होतं. बाबा हसले. “एवढंच ना? मटण तं आजपासून बंद, सर!” सर म्हणाले, “किती पिढ्यांपासून बंद आहे, ते बघतो आम्ही.”